पहिल्याच धुण्यात लाल रंग पांढऱ्यावर उतरतो: गोधडीसाठी प्लेन सुती कापड घेताना कुठे चुकतं

भाचीच्या बाळासाठी लाल-पांढऱ्या चौकोनांची गोधडी शिवायला मला अडीच महिने लागले. सगळी हातशिलाई, धावदोऱ्याच्या ओळी बोटभर अंतरावर. बारशाच्या आदल्या आठवड्यात ती साध्या पाण्यातून काढून दोरीवर घातली. संध्याकाळी काढायला गेले, तर लालला लागून असलेला प्रत्येक पांढरा चौकोन कडेने गुलाबी झालेला. कापड नवं होतं, स्वस्त नव्हतं, आणि "ताई, रंग पक्का आहे" असं दुकानात स्वच्छ सांगितलेलं होतं. हे माझ्या बाबतीत तिसऱ्यांदा होत होतं. आधी मरून, मग नेव्ही ब्लू, आणि आता लाल.

त्यानंतर मी हट्टाने कारण शोधत बसले. गेल्या चार वर्षांत प्लेन कापडाच्या अकरा गोधड्या शिवल्या, एकीचाही रंग दुसऱ्या कापडाला लागला नाही. काय बदललं ते इथे सविस्तर लिहिते आहे. ठाण्यात, कळव्यात, नेरूळमध्ये गोधड्या शिवणाऱ्या ओळखीच्या बायकांकडून हीच तक्रार मी महिन्यातून एकदा तरी ऐकते.

आजीच्या गोधडीचा रंग का गेला नाही

आईकडे माझ्या आजीने शिवलेली गोधडी आहे. तिच्यात गडद लाल लुगड्याचा पट्टा थेट पांढऱ्या धोतराला लागून शिवलेला आहे. ती कितीदा धुतली याची मोजदाद नाही, पण पांढरं अजून पांढरं आहे. पूर्वीचे रंगच चांगले होते, असं घरात सगळे म्हणतात. मला ते पटत नाही. ते लुगडं आधी दहा-बारा वर्षं नेसलेलं होतं, दगडावर आपटून शेकडो वेळा धुतलेलं होतं. जेवढा सुटा रंग होता तो कधीच विहिरीच्या पाण्याबरोबर वाहून गेला होता. जेवढं आटायचं तेवढं आटलं होतं, खळ केव्हाच निघून गेली होती. गोधडीत शिरण्याआधी त्या कापडाची पूर्ण परीक्षा झालेली होती.

आपण दुपारी मॅचिंग सेंटरमधून कोरं कापड आणतो आणि रात्री त्याचे चौकोन कापतो. त्या लुगड्याने दहा वर्षांत जे सोसलं, ते नव्या कापडाकडून दोन दिवसांत करून घेणं, एवढंच काम आहे. जे कापड त्यात टिकत नाही ते पांढऱ्याशेजारी शिवायचंच नाही.

रंग जातो म्हणजे काय होतं

आज बाजारातलं बहुतेक गडद प्लेन सुती कापड रिअ‍ॅक्टिव्ह रंगांनी रंगवलेलं असतं. हे रंग 1956 मध्ये आयसीआय या ब्रिटिश कंपनीने प्रोसियन नावाने पहिल्यांदा बाजारात आणले. त्यांचं वैशिष्ट्य असं की रंगाचा रेणू सुताच्या सेल्युलोजशी रासायनिक बंधाने जोडला जातो. बसलेला रंग साध्या धुण्याने सुटत नाही. मग गुलाबी डाग येतो कुठून?

रंगवताना टाकलेला सगळा रंग सुताशी जोडला जात नाही. काही रंगाचा संयोग पाण्याशीच होतो आणि तो सुतात नुसता अडकून राहतो. हा मोकळा रंग काढायला रंगाईनंतर कापड जवळजवळ उकळत्या पाण्यात, साबणासह, पुन्हा पुन्हा धुवावं लागतं. त्याला पाणी लागतं, इंधन लागतं, वेळ लागतो. जिथे खर्च वाचवायचा असतो तिथे नेमकं हेच धुणं आखडतं घेतलं जातं. म्हणजे माझ्या लाल कापडाचा रंग कच्चा नव्हता, त्याची धुलाई अर्धवट होती. लाल, मरून, काळा, नेव्ही आणि गडद निळसर हिरव्यात हे जास्त दिसतं, कारण गडद छटेसाठी रंगही जास्त ओतलेला असतो.

दुसरी शक्यता डायरेक्ट रंगांची. हे स्वस्त आणि वापरायला सोपे, पण सुताशी त्यांचं नातं सैल असतं. त्यांचा रंग प्रत्येक धुण्यात थोडा थोडा जातच राहतो. तिसरा प्रकार पिगमेंटचा. यात रंगाची पूड डिंकासारख्या बाइंडरने कापडाच्या पृष्ठभागावर चिकटवलेली असते. असं कापड हाताला ताठ लागतं, सुई आत शिरताना टचटच आवाज येतो, आणि काही महिन्यांत घडीच्या कडांवर पांढरट रेषा उमटतात. कितीही धुतलं तरी हे सुधारत नाही.

म्हणून कापड कोणत्या रंगाचं, यापेक्षा ते यांपैकी कोणत्या प्रकारचं आहे हे आधी ओळखायचं. दुकानदाराला ते सांगता येईलच असं नाही. भिवंडीच्या मागावर विणलेलं कोरं कापड एका ठिकाणी रंगतं, दुसऱ्या ठिकाणी फिनिश होतं, तिसऱ्या हाताने दुकानात येतं. "पक्का रंग" हे शब्द तो मनापासून बोलत असला तरी तो फक्त वरच्याचं ऐकलेलं पुढे सांगत असतो.

मीठ, व्हिनेगर, तुरटी

नव्या कापडाचा रंग पक्का व्हावा म्हणून ते यांच्या पाण्यात भिजवायला सांगतात. यावर जरा थांबते, कारण मी स्वतः दोन गोधड्या यांच्या भरवशावर घालवल्या.

रंगाईच्या वेळी मीठ घालतात हे खरं. पाण्यातला रंग सुताकडे ढकलायला ते मदत करतं. पण आधीच रंगवलेल्या कापडाचा रंग ते पक्का करत नाही. उलट मिठाच्या गार पाण्यात रंग त्या वेळेपुरता बाहेर यायला नाखूश असतो. पाणी स्वच्छ दिसतं, आपल्याला वाटतं काम झालं, आणि पुढच्या साबणाच्या पाण्यात तोच रंग बाहेर पडतो. माझ्या मरून गोधडीचं नेमकं हेच झालं. व्हिनेगरचा उपयोग लोकर आणि रेशमावरच्या आम्लधर्मी रंगांना होतो, सुतीवरच्या रंगांना नाही. तुरटीचं स्थान मंजिष्ठासारख्या वनस्पतिजन्य रंगांमध्ये आहे, तिथे ती रंग आणि सूत यांच्यातला दुवा बनते. कारखान्यात रंगवलेल्या लाल पॉपलिनला तिचा काही फायदा नाही.

आईने आणि मावशीने सांगितलेलं मोडायचं जिवावर येतं, मलाही आलं. पण त्यांच्या काळात घरी रंगवलेलं कापड असायचं, त्याला ते लागू होतं.

दुकानात उभ्या उभ्या काय बघायचं

ठाण्यात मी जांभळी नाका आणि गावदेवीच्या बाजूला फिरते, मोठी खरेदी असली की सकाळची गाडी पकडून मुंबईच्या मंगलदास मार्केटला जाते. नवी मुंबईत राहणाऱ्या माझ्या नणंदेला वाशीतली मॅचिंग सेंटर्स पुरतात. दुकान कुठलंही असो, पर्समध्ये एक पांढरा सुती हातरुमाल आणि छोटी पाण्याची बाटली असते.

रुमालाचं टोक ओलं करायचं आणि ताग्याच्या, म्हणजे कापडाच्या अख्ख्या गुंडाळीच्या, कडेवर दहा-बारा वेळा जोर देऊन घासायचं. आधी विचारायचं, "दादा, कडेला जरा घासून बघू का?" आजवर कुणी नाही म्हटलेलं नाही. रुमालावर ठळक रंग आला, तर ते कापड पांढऱ्या, पिवळ्या किंवा फिक्या गुलाबीशेजारी जाणार नाही. पुसट छटा आली तर घरी धुऊन निर्णय घेता येतो. कोरड्या रुमालावरही रंग येत असेल तर तागा परत ठेवून द्यायचा.

मग उलटी बाजू. एकरंगी कापड दोन्हीकडून सारखं दिसायला हवं. मागची बाजू फिकी असेल तर रंग वरवर लावलेला आहे. त्यानंतर कापडाचा पूर्ण पन्हा, म्हणजे रुंदी, उघडायला सांगायचा. ताग्याच्या मधल्या घडीवर ऊन-धूळ बसून विटलेली रेघ असते, ती प्लेन कापडात लपत नाही. प्रिंटमध्ये खपून जाते, एकरंगीत नजर तिथेच जाते. याच वेळी किनार उचलून पन्ह्याच्या मध्यावर आणून ठेवायची. कडेची आणि मधली छटा वेगळी दिसली तर रंग असमान बसला आहे, आणि चौकोन शेजारी-शेजारी आले की ते पटकन डोळ्यात भरेल.

मग वीण. कापड उजेडासमोर धरायचं. धागे सारखे, जवळ-जवळ, गाठी कमी, तर चांगलं. अमेरिकेत खास क्विल्टिंगसाठी जे सुती कापड विकतात त्यात दोन्ही दिशांना इंचाला साधारण 60 ते 75 धागे असतात. आपल्याकडे त्या जातीच्या जवळ जाणारं म्हणजे मध्यम पॉपलिन आणि चांगलं केंब्रिक. दुकानात "साठ-साठ केंब्रिक" म्हणतात तेव्हा ते सुताचा काउंट सांगत असतात, इंचातले धागे नाही. एक पौंड सुतात 840 वारांच्या किती लडी भरतात तो काउंट, म्हणजे आकडा मोठा तितकं सूत बारीक. हा गोंधळ मी वर्षानुवर्षं केला. धागे मोजायचेच असतील तर पट्टी कापडावर ठेवून फोनने जवळून फोटो काढायचा, मोठा करून अर्ध्या इंचातले मोजायचे आणि दुप्पट करायचे.

वायल आणि मलमल वरच्या थरासाठी मला पातळ वाटतं. पांढऱ्या मलमलीखाली गडद तुकड्याची शिलाईची पट्टी सावलीसारखी दिसते. हाताचा पंजा कापडाखाली धरून बघा, बोटं स्पष्ट मोजता आली तर शिलाईही दिसणार. "टू बाय टू" म्हणजे दोन्ही दिशांना दुपदरी सूत. ब्लाउजला उत्तम, पण या नावाखाली शुद्ध सुतीही मिळतं आणि पॉलिएस्टर मिसळलेलंही. तेव्हा तुकडा मागून घरी दोन धागे काढायचे, चिमट्यात धरून जाळायचे. सुताला कागद जळल्याचा वास येतो, राख मऊ आणि राखाडी. पॉलिएस्टर वितळून कडक काळा मणी बनतो. मिश्र कापड फारसं आटत नाही आणि शेजारचं सुती आटतं, मग शिलाईवर चुण्या पडतात.

आणखी एक. कापड कात्रीने कापून न घेता फाडून मागा. फाडलेलं कापड आडव्या धाग्याच्या रेषेत येतं. फाडल्यावर दोन किनारी जुळवून बघा. कडा बोटभर खालीवर झाल्या तर कापड फिनिशिंगमध्ये तिरकं ओढलं गेलेलं आहे, आणि तुमचे चौकोन धुतल्यावर उरेब फिरतील.

खळीचा फसवा भरदारपणा

नवं कापड हाताला जाड लागतं म्हणून चांगलं, हा भ्रम आहे. विणताना उभ्या धाग्यांना ताकद यावी म्हणून खळ लावतात, आणि फिनिशिंगमध्ये वजन यावं म्हणून पुन्हा लावली जाते. कापड दोन मुठींत चुरगळून काळ्या ओढणीवर घासलं की पांढरी पूड पडते. घरी आयोडीनचं औषध असेल तर चिंधीवर एक थेंब टाका, निळं-काळं झालं तर स्टार्च आहे. गडद कापडावर हे दिसत नाही, पांढऱ्या आणि फिक्यावर करा.

खळ असणं हा दोष नाही. ती गेल्यावर खाली काय उरतं हे बघायचं. एकदा मी घेतलेलं बदामी कापड गरम पाण्यातून काढल्यावर मच्छरदाणीसारखं झालं. तसंच कापून शिवलं असतं तर पहिल्या धुण्यात टाके मोकळे पडले असते.

घरी: चिंधी आधी, कापड नंतर

प्रत्येक रंगाचा 10 इंचांचा चौकोन कापते, नीट मोजून. प्रत्येकासाठी वेगळा काचेचा वाडगा. त्यात जवळजवळ उकळतं पाणी, चिमूटभर धुण्याची पावडर आणि पांढऱ्या सुती कापडाची एक पट्टी. अर्धा तास तसंच ठेवते. पाणी किती रंगलं याकडे मी आता फारसं लक्ष देत नाही, पांढऱ्या पट्टीकडे बघते. पाणी लाल आणि पट्टी पांढरी, तर सुटा रंग आहे पण दुसऱ्याला चिकटत नाही. पट्टी रंगली तर काम वाढलं.

मग पूर्ण कापडाची धुलाई. मोठी बादली, जमेल तेवढं गरम पाणी, साबण, भरपूर पाणी. पाणी कमी असेल तर सुटलेला रंग पुन्हा कापडावरच बसतो. पाणी गार होईपर्यंत ठेवायचं, ओतायचं, पुन्हा. लाल आणि मरूनला मी चार पाणी धरून चालते. दर वेळी नवी पांढरी पट्टी टाकते. चौथ्या-पाचव्या पाण्यातली पट्टी कोरी निघाली तर कापड पास. सहाव्यातही रंगत असेल तर तो डायरेक्ट रंग असावा, असं समजून ते कापड मी बाजूला ठेवते. त्याची पिशवी होते, उशीचा अभ्रा होतो, गोधडी होत नाही. पाणी वाया जाऊ नये म्हणून फिक्या रंगाचं पाणी मी फरशीला वापरते. उन्हाळ्यात आमच्या इमारतीत टँकर येतात तेव्हा ही धुलाई पुढे ढकलते, एक तर पाणी मोजून वापरायचं असतं आणि जड पाण्यात साबणही नीट काम करत नाही.

याच चिंधीवरून आटण्याचाही हिशोब निघतो. वाळल्यावर इस्त्री करून पुन्हा मोजायचं. 10 इंचांचे साडेनऊ झाले म्हणजे 5 टक्के. उभ्या आणि आडव्या दिशेला आकडा वेगळा असतो, उभ्याला बहुधा जास्त. जुन्या मिलच्या कापडाच्या किनारीवर "सॅनफोराइज्ड" असा छाप दिसायचा. सॅनफर्ड क्लुएट यांनी 1930 मध्ये पेटंट घेतलेली ती पद्धत, कापड दुकानात येण्याआधीच यंत्राने दाबून आटवण्याची. आज सुट्या ताग्यावर असा छाप क्वचित दिसतो, म्हणून मी गरजेपेक्षा दहा टक्के जास्त कापड घेते आणि सगळं एकाच ताग्यातून, एकाच वेळी. दोन महिन्यांनी "तोच रामा रंग" आणायला गेलं की लॉट बदललेला असतो आणि तो शेजारी ठेवल्यावर वेगळाच दिसतो. छटा जुळवताना दुकानाच्या ट्यूबलाइटवर विसंबू नका, तागा घेऊन पायरीवर या. दिव्यात जुळलेले दोन रंग उन्हात वेगळे निघतात.

उरलेलं कापड खळ काढूनच कपाटात ठेवायचं. खाडीलगतच्या आपल्या हवेत पावसाळ्यात खळीच्या कापडावर बुरशी येते आणि कसर तर खळीसाठीच येते. माझं मोरपिशी कापड तिने घडीच्या कडेने कुरतडलं होतं.

गोधडी आधीच रंगली असेल तर

वाळू देऊ नका आणि इस्त्री तर मुळीच फिरवू नका. पांढऱ्यावर आलेला रंग बहुतेक वेळा सुताशी जोडलेला नसतो, नुसता वर बसलेला असतो. ज्या धुलाईने तो आधीच निघायला हवा होता, तीच आता करायची.

बाथटब नसतो आपल्याकडे. मी पिंप वापरते, 60 लिटरचं. गीझरचं पाणी आणि त्यात दोन पातेली उकळतं पाणी, वाटीभर द्रव साबण. गोधडी पूर्ण बुडली पाहिजे, एकही कोपरा वर तरंगता कामा नये, नाहीतर त्या रेषेवर डाग बसतो. जड वाटलं तर वर ताट ठेवते. दहा-बारा तास, रात्रभर. सकाळी पाणी गडद निघालं तर ओतून पुन्हा तेवढंच गरम पाणी. चोळायचं नाही, पिळायचं नाही, हाताने वरखाली दाबायचं. ब्लीच टाकायचा मोह होईल, टाकू नका. पांढऱ्याबरोबर लालही जाईल आणि मधल्या कापसाचं काय होईल ते वरून दिसणार नाही. मधल्या थरात पॉलिएस्टरची वॅडिंग (भराव) असेल तर फार उकळतं पाणीही नको, गीझरचं पुरेल.

भाचीची गोधडी मी वाळवलेली होती, म्हणून माझी वेळ थोडी चुकली होती. तरीही तीन रात्री भिजवल्यावर बहुतेक चौकोन पांढरे झाले. दोन चौकोनांचा गुलाबी राहिला. ते उसवले, दोन कोरे चौकोन, या वेळी धुतलेले, वरून शिवले आणि बारशाच्या सकाळी गोधडी पोचवली. बाळ आता साडेचार वर्षांचा आहे, गोधडी आठवड्याआड मशीनमध्ये जाते, आणि लालला लागून असलेले चौकोन पांढरेच आहेत.